परातीतली राणी

बाबा, तुमच्या पोस्टाच्या तिकिटांचं काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कुठल्याही गोष्टीचा शेवट तुम्हाला आधी लागायचा. कापसाच्या जिनातून घरी आलात की दारातच चपला काढता काढता विचारायचात, "बरं हाय का वाईट, तेवढं सांग. बाकी जेवताना आयकतो." तर वाईट आहे. बाकीचं आता लिहिते आहे, सौंसरच्या घरात, तुमच्याच खाटेवर बसून. दुपार आहे, बाहेर पावसाची झड लागली आहे, आई जेवून आतल्या खोलीत लवंडली आहे. तिचं घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय, म्हणजे अजून थोडा वेळ माझ्याकडे आहे. जे लिहायचंय ते तिच्या नजरेला पडता कामा नये, आणि ज्याला सांगायचं तो माणूस जाऊन इतकी वर्षं झाली की या खाटेची नवारही आता तुमच्या वेळची राहिलेली नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल, आपला आता वेगळा जिल्हा झालाय. पांढुर्णा मुख्यालय. सौंसरच्या लोकांना ते अजून पुरतं पचलेलं नाही, चहाच्या टपरीवर बसून रोज थोडं थोडं पचवतात. मी लग्नापासून पांढुर्ण्यातच, वीज कार्यालयात नोकरीला, त्यामुळे माझ्या बाजूनं बोलायला इथं कोणी तयार नसतं. रविवारी आईकडे येते. तर झालं असं, की जिल्हा झाल्यावर कोणाच्या तरी डोक्यात आलं, एका खोलीत जिल्ह्यातल्या जुन्या वस्तू मांडाव्या, लोकांनी आपापल्या घरातलं आणून द्यावं, खाली देणाऱ्याचं नाव लिहू. ही बातमी मी आईला जेवताना सहज सांगितली. तिचा घास हातातच राहिला. "तुह्या बाबाचे तिकिटं ने तिथं," ती म्हणाली. "काचेत लावतील. खाली त्यायचं नाव येईन. मले एकदा पाहाचं हाय ते, डोळे हायेत तवर." बाबा, तुमचं नाव छापलेलं तिनं राशनकार्डाशिवाय कुठं पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून तिनं एक लुगडं वेगळं काढून ठेवलंय, ते पाहायला जायच्या दिवसासाठी.

संत्र्याची जी लाकडी पेटी तुम्ही अल्बम ठेवायला केली होती, तिला वाळवी लागली नाही. आई दर दिवाळीला तिच्यात कडुलिंबाचा पाला बदलत आली आहे. पेटी उघडली की मला आधी त्या पाल्याचा वास येतो, मग कागदाचा, आणि मग दिसतं आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर.

रविवार आहे. जिनाला सुट्टी. तुम्ही काट्यावर कापूस तोलणारे, सहा दिवस कानात रुई गेलेली, डोक्यावर रुई, भुवयांवर रुई, आणि रविवारी मात्र न्हाऊन-धुऊन पांढरी बंडी घालून चुलीजवळ पाटावर बसलेले. समोर पितळेची परात, तिच्यात कोमट पाणी. जिनाच्या शेठजींच्या जुन्या पेढीच्या माळ्यावरून तुम्ही जे गठ्ठे उचलून आणले होते त्यातला एक शेजारी. शेठजींच्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा सगळा पत्रव्यवहार होता तो. मुंबईहून, हिंगणघाटहून, वर्ध्याहून आलेला, शिवाय आपल्याच आसपासच्या अडत्यांनी तिगावहून, लोधीखेड्याहून, पांढुर्ण्याहून, कधी सौंसरातल्या सौंसरातच धाडलेला. पत्र आलं की वाचायचं आणि आकड्याच्या तारेत ओवून टाकायचं, अशी व्यापाऱ्यांची रीत. त्यामुळे प्रत्येक पाकिटाच्या मधोमध एक भोक. माळा पाडायचा होता, शेठजी म्हणाले रद्दीवाल्याला द्या, तुम्ही म्हणालात मी नेतो. एवढी एकच वस्तू तुम्ही आयुष्यात जिनातून घरी आणलीत, विचारून.

तुम्ही पाकीट उचलता, भोक बघता, जीभ टाळूला लावून च्च करता. "फाटकं हाय." मग पाकीट पाण्यात सोडता. थोड्या वेळानं कागद मऊ होतो, डिंक सुटतो, आणि तिकीट आपोआप वर तरंगतं. अर्ध्या आण्याची निळी राणी, हिरवी राणी, एक आण्याचा लाल राजा, नंतरचा चॉकलेटी राजा. तुम्ही आईच्या केसांच्या चिमट्यानं त्यांना उचलून जुन्या वर्तमानपत्रावर पालथं घालता, वर दुसरं वर्तमानपत्र, त्यावर पाटा. ज्या पाकिटांवर तिकीट छापलेलंच असे त्यांना पाणीही नाही, थेट कात्री. मला बोलायची मनाई, पंखा बंद. आई भाकरीचं पीठ घेऊन उभी. "माह्या परातीत विलायतेची राणी आंघोळ करून राहिली," ती शेजारणीला कुंपणावरून सांगायची, "अन् मी थाळीत पीठ मळून राहिली. निघन बाई, निघन, राणीच हाय ते, वेळ लागतेच!" तुम्ही हसत नव्हता. तुमचे कान तेवढे लाल व्हायचे.

आणि ओली पाकिटं? ती आई अंगणातल्या चुलीजवळ वाळत घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीचं पाणी तापवायला तीच. जुना कागद कसा भडकन पेटतो, फुंकणी लागत नाही, म्हणून ती खूश. मोडीत लिहिलेली पत्रं, मारवाडी अक्षरातली पत्रं, पाकिटांसकट. मी शाळेत जायची त्या पाण्यानं न्हाऊन.

हे सगळं तुम्ही कुठून शिकलात ते मला माहीत आहे. एका हिंदी मासिकातलं कात्रण होतं तुमच्याकडे, "टिकट कैसे छुड़ाएँ", पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं. अजून आहे. त्यात लिहिलंय की कोमट पाणी घ्या, ओढू नका, घाई करू नका, आणि ज्या तिकिटावर शिक्का कमी ते तिकीट उत्तम. तुम्ही तो कागद देवाच्या तसबिरीसारखा पाळलात. काळाकुट्ट शिक्का बसलेली तिकिटं तुम्ही वेगळी काढायचात. "राजाच्या तोंडाले काळं फासलं पोस्टवाल्यानं," म्हणायचात, आणि ती अल्बमात जायची नाहीत.

मला तेव्हा नुकतीच इंग्रजी अक्षरं जुळवता येऊ लागली होती. दिसेल ते वाचायची, साबणाचा कागद, काडेपेटी. एका रविवारी तुम्ही पाकीट पाण्यात घालणार एवढ्यात मी ते धरलं. त्यावरच्या गोल शिक्क्यात, निम्मा तिकिटावर आणि निम्मा पाकिटावर, आपल्या गावाचं नाव होतं. "बाबा, हे पाहा, सौंसर लिहिलं हाय. आपलंच गाव हाय. हे नोका ना धुऊ." मी सोडेना. तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत. तुम्ही मला कधी मारलं नाही, आवाजही चढवला नाही, पण तेव्हा तुमचा चेहरा असा झाला की मी मागे सरले. "गाव काय पाहाचं?" तुम्ही म्हणालात. "गाव तं दारातच हाय. तिकीट पाहाचं. शिक्का म्हंजे मळ. मळ कोणी जपून ठेवते काय?" आणि पाकीट पाण्यात गेलं. मला रडू आलं, ते मी नाक पुसून दाबलं. तुम्हालाही बरं वाटलं नसावं, कारण संध्याकाळी तुम्ही ती सगळी काळतोंडी तिकिटं एका गोळ्यांच्या डब्यात भरून मला दिलीत. "घे. तुह्या गावाचे. खेळ."

त्या वर्षीच तुम्ही मला नंदी करून दिला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल दोरीनं ओढत दारोदार फिरायची, मूठ मूठ फुटाणे आणि एखादं नाणं बोजारा म्हणून मिळायचं, आणि मी उंबऱ्यावर बसून पाहायची. तुम्ही जिनातल्या सुताराला सांगून सागाच्या तुकड्याचा नंदी करवलात, चाकांसकट. शेजारचे हसले, "पोरीले कायले नंदी?" तुम्ही म्हणालात, "वढता येते ना तिले? मंग झालं." मी कणकेची खळ केली आणि डब्यातली काळी तिकिटं नंदीच्या पाठीवर, पोटावर, खांद्यांवर चिकटवली, झुलीसारखी, एकही जागा मोकळी न सोडता. ती पाहून तुम्ही इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. मग सुताराकडून वार्निश आणून स्वतः वरून हात मारलात, पाऊस लागू नये म्हणून. त्या वर्षी सगळ्या गल्लीत माझाच नंदी पाहायला लोक आले. तुमच्या तिकिटांना कधी एवढी माणसं आली नव्हती.

आता इकडचं सांगते. मी अल्बम घेऊन पांढुर्ण्याच्या जिल्हा कार्यालयात गेले, जिथं त्या जुन्या वस्तू घेतात. तिथला साहेब तरुण आहे, बाहेरचा आहे, पण उर्मट नाही. त्यानं खुर्ची दिली, पानं उलटली. राण्यांच्या ओळी, राजांच्या ओळी, रंगाप्रमाणे लावलेल्या, तुमच्या त्या पट्टीनं आखलेल्या रेघांमध्ये. "बहुत मेहनत की है आपके पिताजी ने," तो म्हणाला. मला बरं वाटलं. मग त्यानं अल्बम मिटला. "लेकिन मॅडम, इसमें हमारे जिले का क्या है? ये तो पूरे हिंदुस्तान में चलती थीं." मी म्हणाले, ही तिकिटं इथल्याच पत्रांवरची आहेत, सौंसरच्या पेढीवरची. तो म्हणाला, हे कोणी जाणकारानं लिहून दिलं तर ठेवू. त्यात त्याची काही चूक नाही. मीही त्याच्या जागी हेच विचारलं असतं.

जाणकार म्हणून नागपूरचे एक डॉक्टर सापडले, म्हातारे, दवाखाना बंद केलेला, घरभर पाकिटंच पाकिटं. मी रेल्वेनं गेले, मांडीवर अल्बम घेऊन, नरखेड गेलं, काटोल गेलं, आणि सबंध वाटभर मी मनातल्या मनात तुमच्या नावाची पाटी लिहीत होते, कोणत्या अक्षरात शोभेल ते. डॉक्टरांनी भिंग घेतलं. पहिलं पान बराच वेळ पाहिलं, दुसरं त्याहून कमी, मग भराभर. मग भिंग खाली ठेवून मला विचारलं, "ताई, यांची पाकिटं कुठं आहेत?"

मी म्हणाले, "नाहीत."

"नाहीत म्हणजे? विकली?"

"जाळली. चुलीत."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. बाबा, तो माणूस रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी हळू आवाजात बोलले, जसं डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतात तसं. म्हणाले, ही तिकिटं इतकी छापली गेली की आजही घरोघर निघतात, जमवायला लागलेल्या पोरांना लोक अशीच देऊन टाकतात. राणी कुठून कुठं गेली हे राणी सांगत नाही, ते शिक्का सांगतो आणि पाकीट सांगतं. मध्य प्रांतातल्या लहान लहान पोस्टांचे शिक्के मिळत नाहीत. मोठ्या शहरांची पाकिटं लोकांनी जपली, पण सौंसर, लोधीखेडा, तिगाव, इथली कोण जपणार? "सौंसरचा राणीच्या वेळचा शिक्का असलेलं एक पाकीट मिळावं म्हणून मी म्हातारा झालो," ते म्हणाले. "मी पाहिलेलंसुद्धा नाही." मी विचारलं, पण त्या पाकिटांना मधोमध भोक होतं ना? ते म्हणाले, "व्यापाऱ्यांच्या सगळ्याच पाकिटांना असतं. ते तर खरेपणाचं लक्षण." मग त्यांनी पुन्हा अल्बम घेऊन शोधलं, एखाद्या तरी तिकिटावर गावाचं नाव पुरतं राहिलं असेल म्हणून. पण तुमचा हात पक्का होता. तुम्ही शोधून शोधून स्वच्छ तेवढीच ठेवली होती. उठताना त्यांनी मला विचारलं, "आणि शिक्का बसलेली तिकिटं? वडिलांनी टाकून दिली का?" मी म्हणाले, "मला दिली होती, खेळायला." आणि अल्बम पिशवीत घातला.

लिहून काय देणार होते ते? मीही मागितलं नाही. त्यांच्या बायकोनं चहा दिला, तो प्याले, आणि सौंसरची बस धरली.

बसमध्ये मला तुमचा राग आला. तो तुम्हाला सांगायलाच हवा, कारण तुमच्या जाण्यानंतर मला तुमचा राग कधी आलाच नव्हता, आणि आला तो असा एकदम की लोधीखेड्याला कंडक्टरनं विचारलं, ताई तब्येत बरी नाही का. नागपूर काय लांब होतं? जिनाचा माल घेऊन तुम्ही ट्रकवर बसून जात होता तिथं. एकदा, एकाला विचारलं असतं. पण तुम्ही कोट घातलेल्या माणसाला बिचकायचात. काट्यावर तोलणाऱ्या माणसानं तिकिटं जमवली म्हणून ते हसतील, असं तुम्हाला वाटायचं, आणि म्हणून तुम्ही त्या एका कात्रणाला विचारत राहिलात, जे कधीच हसत नव्हतं. मी मनाची समजूत घालायला पाहिली, की जाऊ दे, बाबांनी मोलासाठी थोडंच केलं, हौस होती त्यांची. पण ते खरं नाही, आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोलत नव्हता. पाटा उचलून कोरड्या झालेल्या राण्या मोजताना तुम्ही म्हणायचात, "पाहाजो तू, एक दिवस लोक सौंसर पुसत पुसत येतीन हे पाहाले." लोक पुसत आहेत, बाबा. तो नागपूरचा म्हातारा आयुष्यभर सौंसरच पुसत बसला आहे. आणि ते सौंसर आपण चुलीत घातलं, दर सोमवारी, अंघोळीला.

घरी आले तर आई दारात. तिनं विचारलंही नाही, नुसती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. शेवट आधी ऐकायची सवय तुम्ही तिलाही लावून गेलात. मी म्हणाले, "चांगली आहेत म्हणाले. खूप चांगली." तिनं डोळे मिटून हात जोडले, कोणाला ते मला कळलं नाही, तुम्हालाच असतील. "मंग कधी लावून राहिले?" मी म्हणाले, "फाईल चालू आहे." सरकारी नोकरीत एवढं एक वाक्य मी चांगलं शिकले आहे. तेव्हापासून दर रविवारी ती फाईल कुठवर आली ते विचारते आणि मी तिला एकेक टेबल पुढं सरकवते. मागच्या रविवारी तिनं शेजारणीला सांगितलं की उद्घाटनाला कलेक्टर येणार. मी नाही म्हणाले नाही. आता ती फाईल कुठं थांबवायची मला कळत नाही. एकतर ती थांबेल किंवा आई, आणि मला ठाऊक आहे मी कशाची वाट पाहते आहे, आणि ते लिहवत नाही.

आज सकाळी तिनं माळ्यावरून नंदी काढायला लावला. पोळा आलाय, समोरच्या शेजारणीच्या नातीला तान्ह्या पोळ्याला द्यायचा आहे, आणि त्याचा रंग उडालाय. खरं सांगते बाबा, नागपूरहून आल्यापासून मला त्याची आठवण रोज येत होती आणि मी माळ्याकडे मान वर करत नव्हते. कारण मला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर आई दर पोळ्याला त्याला ऑइलपेंटचा हात देत आली आहे, कधी पांढरा, कधी केशरी, एकदा दाराचा उरलेला हिरवा. तुमचं वार्निश, त्यावर हे इतक्या वर्षांचे थर. नंदी गुबगुबीत झालाय. मी तो मांडीवर घेतला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. रंगाखाली कडा लागतात. तिकिटांच्या दातेरी कडा, एकाशेजारी एक, मी चिकटवल्या तशाच. सौंसर, लोधीखेडा, तिगाव, पांढुर्णा, सगळी आहेत तिथं, आणि ती आता कोणीही वाचू शकत नाही. आई म्हणाली, "जुना रंग खरडून घेजो आधी. लय थर झाले." मी पोटाखालच्या एका जागी, तिला दिसणार नाही अशा, ब्लेडनं अगदी हलकं खरडून पाहिलं. रंग निघाला, वार्निश निघालं, त्यांच्यासोबत कागदही निघाला, सगळं एकाच पापुद्र्यात, आणि खाली नुसती वाळलेली खळ आणि साग. पापुद्रा मी तळहातावर घेतला. उलट्या बाजूला थोडा काळा ठिपका होता. तो शिक्क्याचा असेल, किंवा वाळवीचा. फुंकर लागली आणि तोही गेला.

मग मी खरडणं थांबवलं आणि तसाच वरून नवा पांढरा हात देऊ लागले. आई शेजारी सुपात गहू निवडत बसली होती. मग ती म्हणाली, "एक पुसू काय वं?"

"पूस."

"त्या पाकिटायचं काही मोल होतं काय?"

"कोणत्या?"

"मी चुलीत घालत होती ते."

ब्रश माझ्या हातात होता. मी नंदीचा कान रंगवत होते, तो रंगवून झाला होता तरी रंगवत राहिले. "नाही," मी म्हणाले. "रद्दी होती ती."

"त्या नागपूरच्या साहेबानं काही इचारलं नाही त्यायचं?"

"नाही."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि सूप एकदा पाखडलं. "मले ते मोडी-बिडी काही वाचता येत नव्हतं. पण अक्षर कसं सुंदर राहे बाप्पा, मोत्यासारखं. एखादं पाकीट हातातच राहून जाये. मले वाटे, एवढं बसून कोणं तरी लिहिलं अन् आपण जाळून राहिलो. तुह्या बाबाले म्हणून पाह्यलं म्या एकदा. ते म्हणे, फाटके हायेत, भोकाचे हायेत, घाल. मंग घालो म्या." गव्हातला एक खडा वेचून फेकला आणि म्हणाली, "इतक्या वर्साचं मनात होतं. बरं झालं पुसलं."

बाबा, तुम्हाला दोघींनी सांगितलं होतं. एकीला इंग्रजी येत नव्हतं पुरतं, दुसरीला मोडी येत नव्हती, आणि दोघींनी तुमचा हात धरून पाहिला. हे मी तुम्हाला दोष म्हणून लिहीत नाहीये. म्हणजे, लिहीतच आहे, पण त्याचं आता तुम्ही तरी काय करणार. आई आज किती तरी दिवसांनी अशी गाढ झोपली आहे. तिच्या मनावरचं उतरलं ते मी घेतलं, आणि माझ्याकडून घ्यायला कोणी नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

हे पत्र तुमच्या अल्बमात ठेवावं असं आधी वाटलं होतं. पण आई अल्बम रोज उघडते, आणि आता शेजारणीच्या त्या नातीकडून शिकून ती बोट ठेवून अक्षरं लावत लावत वाचतेही. पेटीत ठेवलं तर पाला बदलताना सापडेल. पांढुर्ण्याला नेलं तर माझ्या माघारी कोणी तरी तिला वाचून दाखवेल. म्हणून उद्या सकाळी न्हाणीच्या चुलीत. मी उद्या रजा टाकली आहे, चूल मीच पेटवीन. लाकडं ओली आहेत, कागद लागेलच.

पाकीट तयार करून ठेवलंय. वर पत्ता नाही, नुसतं "बाबा". कोपऱ्यात तुमच्या अल्बमातली एक निळी राणी चिकटवली आहे, कणकेच्या खळीनं, तुमच्या सर्वांत आवडत्या पानावरची, जिच्यावर शिक्क्याचा मागमूसही नाही. घरात एवढी तिकिटं आहेत आणि त्यातलं एकही चालायचं नाही, तरी पाकीट रिकामं बरं दिसेना. आणि एक कबूल करते. चुलीत घालायच्या आधी ती राणी मी सोडवून घेणार आहे. तिला जाळायला हात होत नाही. आईची परात घेतली आहे, पाणी कोमट झालंय.